हंगेरीवाल्याला काय हवं होतं

आमच्या आईचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, वाण्याच्या काट्यावर नव्हता, भिंतीवरच्या पंचांगावरही नव्हता. भाजीवालीने वर फुकटची कोथिंबीर टाकली की आई ती जुडी उचलून उलटसुलट बघायची आणि मग घेतलेली सगळी भाजी पुन्हा एकदा निवडायची. फुकट दिलंय म्हणजे खाली काहीतरी सडकं दडवलंय, असं तिचं गणित. मी तिचीच लेक. अजूनही फोनवर कुणी अनोळखी माणूस गोड आवाजात ‘नमस्कार काकू’ म्हणाला की मी आधी फोन ठेवते आणि मग तो कोण असेल याचा विचार करते. माझी भाची मला हसते. हसू दे. असल्या फोनवर तिचे पैसे गेले, माझे नाहीत गेले.

अशा बाईला नवरा मिळाला तो बाबांसारखा. महाडात तेव्हा एक छोटं कॉलेज नव्याने निघालं होतं, आता ते त्या नावाने राहिलेलं नाही, तिथे बाबा प्राणिशास्त्र शिकवायचे. आम्ही भाताच्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहत होतो. गिरण सुरू झाली की भांड्यांच्या फळीवरची झाकणं थरथरायची आणि आई बोलता बोलता आवाज चढवायची. गिरण बंद झाली तरी तो चढलेला आवाज बराच वेळ खाली यायचा नाही, त्यामुळे आमच्या घरात सतत भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटे. भांडण क्वचितच व्हायचं. बाबा भांडायचेच नाहीत. ते ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि ‘बरं’ म्हणायचे. आईला त्या ‘बरं’चाच राग यायचा.

रविवारी सकाळी बाबा दुधाची जुनी किटली घेऊन एसटीने पोलादपूरला जायचे आणि तिथून पायी वरच्या वाड्यांकडे. ओढ्यातले किरवे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, हा त्यांचा विषय. सावित्री नदीला वरून येऊन मिळणाऱ्या कुठल्या ओढ्यात कुठला किरवा राहतो, उन्हाळ्यात पाणी आटलं की तो श्वास कसा घेतो, हे ते शोधत होते. संध्याकाळी किटली खडखडत घरी यायची. काही किरवे मापं घेऊन स्पिरिटच्या बाटल्यांत जायचे आणि त्या बाटल्या लोणच्याच्या बरणीशेजारी बसायच्या. उरलेले आई ताब्यात घ्यायची. नांग्या तोडून, पाय पाट्यावर वाटून, त्यांचा रस कपड्यातून गाळून ती जो रस्सा करायची, त्याचा वास गिरणीतल्या हमालांपर्यंत जायचा. वर तांदळाची भाकरी. एवढ्या एका गोष्टीबद्दल आईने कधी शंका काढली नाही. ‘तुमचं शास्त्र राहू द्या बाजूला, पण किरवे चांगले आणता,’ असं ती म्हणायची, आणि बाबा पानावर मान खाली घालून हसायचे.

आता रिप्रिंटची भानगड सांगायला हवी, कारण आजच्या मुलांना ती सांगूनही पटत नाही. शास्त्रज्ञ काही शोध लावतो, तो एखाद्या मासिकात छापून येतो. ते मासिक महाडात कुठून येणार? पुण्याच्या लायब्ररीतसुद्धा सगळी येत नसत. पण मासिकवाले लेखकाला त्याच्या लेखाच्या थोड्या सुट्या प्रती देत, त्या रिप्रिंट. मग जगात ज्या कुणाला तो लेख हवा असेल, त्याने लेखकाला एक कार्ड टाकायचं. कार्ड छापीलच असे. आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवाल तर फार आभारी होईन, एवढाच मजकूर, मध्ये नाव आणि लेखाचं शीर्षक हाताने भरायला जागा. कार्ड मिळालं की लेखक एका प्रतीच्या कोपऱ्यात ‘सप्रेम भेट’ अशा अर्थाचं दोन शब्दांचं इंग्रजी लिहून, ती लिफाफ्यात घालून पाठवून देई. पैसे नाहीत, ओळख नाही, चिठ्ठीचपाटी नाही. बाबांनीही बाजारातल्या छापखान्यातून अशी कार्डं करून घेतली होती आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. मे महिन्याच्या सुट्टीत ते वरंधा घाटातून पुण्याला जायचे, लायब्ररीत बसून नावं-पत्ते उतरवून आणायचे आणि मग वर्षभर कार्डं लिहायचे.

हे सगळं त्यांनी आईला एकदा जेवताना समजावून सांगितलं.

‘म्हणजे तुम्ही मागायचं आणि त्याने द्यायचं?’ आई म्हणाली.

‘हो.’

‘ओळख ना पाळख?’

‘अजिबात नाही.’

‘आणि त्याला काय मिळतं?’

‘उद्या त्याने माझा लेख मागितला की मी द्यायचा.’

‘नाही मागितला तर?’

‘नाही तर नाही.’

आईने हातातली भाकरी खाली ठेवली. ‘यात काहीतरी आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला दिसत नाहीये, पण आहे.’

बाबांचा किरव्यांवरचा लेख छापून आला आणि उलट्या दिशेने कार्डं यायला लागली, तेव्हा हा संशय आमच्या घरातून गावात गेला. कार्ड उघडंच. त्यावर परदेशी तिकीट, कुणा राणीचं, कुणा दाढीवाल्याचं. आमचा पोस्टमन गणपत मूळचा वरच्या एका वाडीतला, मोठ्या हौसेचा माणूस. तो ते कार्ड पिशवीत न ठेवता हातातच धरायचा आणि शिवाजी चौकापासून आमच्या दारापर्यंत ज्याला त्याला दाखवत यायचा. ‘कारेकर मास्तरांचं हाय. रशियाचं असंल, न्हायतर जर्मनीचं. मागतायत कायतरी मास्तरांकडं.’ गणपतला इंग्रजी नाव-पत्त्यापुरतंच यायचं, काय मागतायत हे वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना ते खरं वाटत नव्हतं.

त्याच सुमाराला गावाबाहेर कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या जात होत्या. कोण टेप घेऊन आला, कोण नकाशा घेऊन आला, आणि मागून नोटिसा आल्या, हे लोकांनी पाहिलं होतं. हातात कागद घेऊन रानात फिरणाऱ्या माणसाकडे कुणी धड बघत नसे. बाबा तर ओढ्यांचे नकाशे काढत. कुठला झरा मे महिन्यातही आटत नाही, हे ते वाडीतल्या बायकांना विचारून लिहून घेत. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली भागीबाई बाजारच्या दिवशी तांदूळ विकायला बाबूशेठच्या दुकानात आली आणि सरळ मनाने बोलून गेली, ‘मास्तर नुसतं किरवं न्हेत नाय, शेठ. पाणी कुठं हाय, उन्हाळ्यात कुठं टिकतं, समदं कागदावर काढून न्हेतात.’

बाबूशेठ तांदळाचे मोठे व्यापारी आणि कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष. वाईट माणूस नव्हता. कॉलेजच्या इमारतीला त्यांनी स्वतःच्या खिशातून पत्रे घातले होते. पण पोतं आलं की मधोमध बोथी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून दाणा बाहेर काढून बघितल्याशिवाय ते पोत्याकडे पाठ करायचे नाहीत, आणि माणसांनाही तोच न्याय. इकडे पाण्याचे नकाशे, तिकडे परदेशी कार्डं. त्यांनी दोन्हीची गाठ मारली. बाबा तेव्हा प्रोबेशनवर होते, होळीच्या आधीच्या बैठकीत त्यांना कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. कायम नाही केलं तर आम्हाला मुंबईला थोरल्या काकांच्या एका खोलीत जाऊन राहावं लागणार होतं, जिथे माझ्या काकूने पहिल्याच भेटीत आईला ‘तुमच्याकडे मीठ जास्त घालतात का’ असं विचारलं होतं. आई म्हणायची, त्या खोलीत जाण्यापेक्षा मी ओढ्यात किरव्यांबरोबर राहीन.

गणपती होऊन गेल्यावर बाबूशेठनी बाबांना दुकानात बोलावलं. मीही बरोबर होते, तांदूळ न्यायचे होते म्हणून. शेठनी तांदूळ आधी मोजून दिले, मग म्हणाले, ‘मास्तर, परक्या देशातला माणूस तुम्हाला फुकट काहीतरी पाठवतो, तुम्ही त्याला फुकट पाठवता. मी चाळीस वर्षं धंदा करतोय, फुकट द्यायला मला सख्खा भाऊ तयार नाही. तुम्ही सांगा, मी का विश्वास ठेवू?’

बाबांनी सगळं सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘ठीक. मी एक बोथी लावून बघतो. नाव मी निवडणार. कार्ड मी टाकणार. पैसे न मागता, अट न घालता त्याने कागद पाठवला, तर बैठकीत मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन. नाही आला, तर मग मास्तर, तुमचं तुम्ही बघा.’

बाबा ‘बरं’ म्हणाले. घरातून एक कार्ड आणि त्यांच्या लेखाची प्रत आणली. लेखाच्या शेवटी, ज्यांच्या ज्यांच्या लेखांचा आधार घेतला त्यांची नावं बारीक अक्षरात असतात. शेठनी डोळे मिटून बोट ठेवलं. बोट पडलं ते हंगेरीतल्या एका माणसावर. त्याचं नाव बाबांनाही नीट उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे आमच्या घरात तो जन्मभर ‘हंगेरीवाला’च राहिला. त्याने खेकड्यांच्या कल्ल्यांवर लिहिलं होतं आणि बाबांनी तो लेख पुण्यात फक्त वाचला होता, त्याला कधी कार्ड टाकलं नव्हतं. बाबांनी पत्ता लिहून दिला. शेठनी कार्ड घेऊन गादीखाली सारलं आणि म्हणाले, ‘तिकीट मीच लावतो. पोस्टातही मीच टाकतो. मध्ये कुणाचा हात नको.’

घरी येऊन हे सांगितल्यावर आईने एकच विचारलं, ‘त्याने कार्ड टाकलंच नाही तर?’ बाबा म्हणाले, शेठ तसे नाहीत. आई म्हणाली, ‘कसे आहेत ते तुम्हाला कसं माहीत? तुम्हाला माणूस कळतो का?’ बाबांनी चष्मा पुसला.

त्यानंतरच्या आठवड्यात आई मला विचित्र वाटायला लागली. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर शाई दिसली. वाण्याची यादी सोडली तर आईने पेन हातात धरलेलं मी बघितलं नव्हतं. माझं इंग्रजीचं पुस्तक दप्तरात न सापडता तांदळाच्या डब्यावर सापडलं, पानांना पीठ लागलेलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘वाऱ्याने पडलं असेल.’ दप्तरातलं पुस्तक वाऱ्याने डब्यावर कसं पडतं? एके दुपारी मला शेजाऱ्यांकडे बसवून ती एकटीच पोस्टाच्या दिशेने गेली आणि आल्यावर म्हणाली, देवळात गेले होते. देवळात गेली असती तर माझ्यासाठी प्रसाद आणला असता. माझी खात्री पटली की आई चोरून मामाला पत्र लिहितेय, आम्हाला घेऊन जा म्हणून. ती बाबांना सोडून जाणार. मी रात्री जेवताना तिच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि ती म्हणायची, काय बघतेस, जेव.

दिवाळी झाली. नरकचतुर्दशीला फोडून जिभेला लावतात ते कारीट जास्त कडू होतं त्या वर्षी की मीच कडू झाले होते कोण जाणे, फराळात काही चव नव्हती. आणि एका सकाळी गणपत आला, पण नेहमीसारखा हातातलं कार्ड दाखवत नाही आला. मान खाली. ‘मास्तर, ह्ये आपलंच परत आलंय.’ शेठनी टाकलेलं ते कार्ड होतं. टाकलं होतं त्यांनी, अगदी प्रामाणिकपणे. पण कार्ड म्हणजे कार्ड, असा हिशेब करून त्यावर गावातल्या गावात पाठवायचं तिकीट चिकटवलं होतं. ते महाडहून मुंबईपर्यंत गेलं आणि अपुरं तिकीट म्हणून शिक्का खाऊन, खाली छापलेला आमचा पत्ता बघून, आमच्याकडे परत आलं. जास्तीचं तिकीट लागतं हे शेठना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मला वाटलं आता सुटलो. बाबा हे घेऊन जातील, शेठ नवं कार्ड टाकतील. पण बाबा ते कार्ड हातात घेऊन नुसते बसून राहिले. ‘दाखवलं तर काय म्हणतील?’ ते म्हणाले. ‘म्हणतील पोस्टमन तुमचा, कार्ड तुमच्याकडे कसं आलं, तुम्हीच अडवलंत. शिक्कासुद्धा कुणाकडून मारून घेतलात म्हणतील.’ त्यांचं खरं होतं, हे सर्वांत वाईट. एकदा संशय घ्यायचा ठरवलं की पुरावासुद्धा संशयाच्याच पोटात जातो. मला आईचा अनुभव होता. आईने कार्ड बाबांच्या हातातून घेतलं, पदराला पुसलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. एरवी तिने त्यावर दहा शंका काढल्या असत्या. मी मामाची वाट बघायला लागले.

थंडी सरली. शिमग्याची लाकडं गोळा करायला पोरं आळीतून फिरायला लागली. बैठक तोंडावर आली होती. बाबांनी स्पिरिटच्या बाटल्या खोक्यात भरायला घेतल्या होत्या, एकेक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून. तेवढ्यात गणपत दारात आला आणि दारातच थांबला. त्याच्या हातात जाडसर पिवळट लिफाफा होता. तो एकदा लिफाफ्याकडे बघे, एकदा घरात.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘इथं कोण डाक्टर ऱ्हातो का हो? पत्ता तर आपलाच हाय.’

बाबांनी लिफाफा घेतला आणि मोठ्याने वाचलं, ‘डॉक्टर एस. व्ही. कारेकर.’ शकुंतला वसंत कारेकर. आई चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, ‘माझं आहे ते. द्या इकडे.’

मग सगळं बाहेर आलं. शेठवर विश्वास नाही म्हणून, त्यांनी कार्ड ठेवून घेतल्यावर आठवड्याभरातच आईने डब्यातलं एक कार्ड काढलं होतं. त्यावरचं बाबांचं नाव खोडलं, कारण त्यांचं नाव राहिलं तर आधीच संगनमत होतं असं लोक म्हणतील. माझ्या पुस्तकातून अक्षरं बघून स्वतःचं नाव घातलं. हंगेरीवाल्याचं नाव आणि लेखाचं शीर्षक बाबांच्या लेखाच्या शेवटच्या पानावरून एकेक अक्षर चित्रासारखं काढलं. पत्ता बाबांच्या टाचणातून. तिकिटाचं तिने पोस्टात विचारलं होतं, आणि खिडकीतल्या माणसाने सांगितल्यावर त्याच्यावरही विश्वास न ठेवता पोस्टमास्तरांना आत जाऊन पुन्हा विचारलं होतं. बाबा खोक्याशेजारी खालीच बसले. ‘तू?’ ते म्हणाले. ‘मला का नाही सांगितलंस?’ ‘तुम्ही शेठना सांगितलं असतं,’ आई म्हणाली. आणि खरंच सांगितलं असतं त्यांनी.

ती लिफाफा न उघडताच बाबूशेठच्या दुकानात गेली. मी मागोमाग. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, आई त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि लिफाफा गादीवर ठेवला. शेठनी चष्मा लावला.

‘हे डॉक्टर कोण, वहिनी?’

‘मी.’

‘तुम्ही डॉक्टर?’

‘त्याला काय माहीत मी कोण. मी कार्ड टाकलं, त्याने पाठवलं.’

‘पण ओळख?’

‘शेठ, मी मुंबईच्या पुढे गेलेली नाही. मला हंगेरीत कोण ओळखणार?’

शेठनी लिफाफा नीट बघितला, सगळीकडून डिंक लावलेला आहे ना ते तपासलं, मग सुतळी कापायच्या सुरीने फोडला. आतून लेख निघाला, कल्ल्यांच्या चित्रांचा, वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत दोन शब्द आणि सही. शेठनी लिफाफा उलटा करून झटकला. काही पडलं नाही. त्यांनी एकेक पान उजेडाकडे धरलं. मग आईने त्यांच्या हातातून घेऊन स्वतः धरलं, कारण तिलाही ते पहिल्यांदाच बघायला मिळत होतं. दोघं गादीच्या दोन बाजूंना वाकून तो कागद तपासत होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही दोघं बहीण-भाऊ शोभली असती.

‘पैसे मागितलेत?’ शेठ.

‘कुठे दिसत नाहीत.’

‘मग काय मागितलंय?’

‘तेच मीपण शोधतेय,’ आई म्हणाली.

थोड्या वेळाने शेठ मागे सरकून बसले. ‘मग माझ्या कार्डाला का नाही आलं?’ आईने पिशवीतून ते परत आलेलं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. शेठनी स्वतःच्या हाताने चिकटवलेलं तिकीट ओळखलं, शिक्का वाचला. कान लाल झाले त्यांचे. ‘मास्तरांनी मला दाखवलं का नाही हे?’

‘दाखवलं असतं तर मानलं असतंत?’

शेठनी खरंच विचार केला. मग म्हणाले, ‘नसतं मानलं.’ आणि गिऱ्हाइकाकडे वळले. बैठकीत ते बाबांच्या बाजूने बोलले, बाबा कायम झाले, बाटल्या पुन्हा लोणच्याशेजारी गेल्या. पण नंतरही कधी रस्त्यात आई भेटली की शेठ आवाज खाली करून विचारायचे, ‘वहिनी, कळलं का काही? त्याला काय हवं होतं?’

कारण हंगेरीवाला थांबला नाही. त्याच्या यादीत डॉक्टर एस. व्ही. कारेकर हे नाव एकदा गेलं ते गेलंच. नवा लेख छापून आला की आमच्याकडे लिफाफा. माझं लग्न झालं, बाबा रिटायर झाले, गणपत गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, लिफाफे येत राहिले. आई प्रत्येक लिफाफा शेठसारखाच सुरीने फोडायची, झटकायची, पानं उजेडाकडे धरायची, बाबांना वाचायला द्यायची आणि म्हणायची, ‘अजून तरी काही मागितलं नाही.’ परवा भाचीने मला फोनवर दाखवलं, बाबांचा तो लेख आता इंटरनेटवर आहे आणि वाचायला पैसे मागतात. जो माणूस स्वतःच्या पदरचं तिकीट लावून वाटत होता, त्याच्या लेखाचे पैसे. आई असती तर म्हणाली असती, बघा, आलं ना खालचं सडकं वर. मला तर संताप आला. मी भाचीला फोन बंद करायला लावला.

शेवटचा लिफाफा आला तेव्हा मी माहेरी होते. आईने झटकला आणि त्यातून चिठ्ठी पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आई ताठ उभी राहिली. ‘वाच,’ मला म्हणाली. हंगेरीवाल्याने लिहिलं होतं की तो आता कामातून निवृत्त होतोय, कपाटं आवरतोय, आणि डॉक्टर कारेकरांचा एकही लेख आपल्या संग्रहात नाही याची त्याला खंत आहे. एखादा पाठवता येईल का?

‘मागितलंच शेवटी,’ आई म्हणाली. ‘मी सांगत होते की नाही? मागितलंच.’ इतक्या वर्षांनी तिचं खरं झालं होतं. तिच्या तोंडावर मी शोधत होते तो आनंद काही दिसेना. ती खुर्चीवर बसली, चिठ्ठी माझ्या हातून घेतली आणि न येणाऱ्या भाषेकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आता काय द्यायचं मी त्याला? माझं काय आहे?’

बाबा उठले. त्यांच्या किरव्यांवरच्या लेखाच्या प्रती कधीच वाटून संपल्या होत्या. एकच उरली होती, ती ते कुणाला देत नसत, मी मागितली तेव्हा मलाही दिली नव्हती. ती त्यांनी कपाटातून काढली, फुंकर मारली आणि पेनासकट आईच्या पुढ्यात ठेवली. ‘लिही,’ म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघितलं. ‘ही शेवटची आहे.’ बाबा म्हणाले, ‘बरं.’

आईने पदराला हात पुसले. हंगेरीवाल्याच्या जुन्या लेखावरचे ते दोन इंग्रजी शब्द समोर ठेवून, एकेक अक्षर काढत तिने कोपऱ्यात ‘सप्रेम भेट’ लिहिलं आणि खाली आपलं नाव. डॉक्टर लिहू का, असं तिने विचारलं नाही, आणि लिहिलंही नाही. मग ती स्वतः पोस्टात गेली, तिकिटाचं दोन ठिकाणी विचारून आली. आमच्या घरात आता बाबांच्या लेखाची एकही प्रत नाही. आहे ती हंगेरीत कुठल्यातरी कपाटात, आईच्या सहीची.